हम गेला, सूरही गेला: विंटेज आवाजाचा शांत पिकअप बनवताना या चुका टाळा

माझ्या पहिल्या ‘शांत’ पिकअपची (तारांच्या कंपनाचा विजेचा सिग्नल करणाऱ्या, इलेक्ट्रिक गिटारमधल्या भागाची) फजिती आधी सांगतो. जुन्या घडणीचा सिंगल कॉइल, म्हणजे तारेची एकच गुंडाळी असलेला पिकअप होता. अल्निको ५ या चुंबकी मिश्रधातूच्या सहा कांड्या, त्यांच्याभोवती ४२ गेज तारेचे सुमारे ८००० वेढे. आवाज सुरेख, पण मागे कायम घूंऽऽ असा हम. मी तशीच दुसरी कॉइल चुंबकांशिवाय गुंडाळली, उलटी करून सिरीजमध्ये जोडली आणि गिटारच्या पोटात मोकळ्या जागी बसवली. अँप लावला तर चिडीचूप. दहा सेकंद स्वतःवर बेहद्द खूश होतो. मग पहिली तार छेडली. तो टणक, काचेसारखा नाद कुठेच नव्हता. गिटारवर कुणी गोधडी टाकावी तसा आवाज.

मीटर लावल्यावर उलगडा झाला. मूळ पिकअपचा इंडक्टन्स (बदलत्या प्रवाहाला अडवायचा कॉइलचा गुण) २.३ हेन्री होता, आता वाटेत एकूण ४.४ हेन्री बसले होते. पिकअपचा इंडक्टन्स आणि केबलसकट सगळी कपॅसिटन्स (विद्युतभार साठवायची क्षमता) मिळून एका विशिष्ट कंपनसंख्येला अनुनाद होतो, म्हणजे तिथे आवाजाला एक शिखर येतं. कपॅसिटन्स ६०० पिकोफॅरड धरली, तर २.३ हेन्रीला ते शिखर ४३०० हर्ट्झच्या आसपास येतं आणि ४.४ हेन्रीला थेट ३१०० वर घसरतं. कानाला जे ‘विंटेज’ वाटतं, त्यातलं बरंचसं या शिखराची जागा आणि उंची यांतच असतं. हम घालवायचा प्रत्येक उपाय त्याची किंमत इथेच वसूल करतो. एक तर शिखर खाली सरकतं, नाही तर बुटकं होतं. पुढच्या बहुतेक चुका या हिशोबाकडे काणाडोळा केल्यामुळे होतात.

कोणता आवाज आहे, हे न ओळखताच काम सुरू करणं

‘नॉइज’ म्हणून आपण तीन वेगळ्या गोष्टींना एकच नाव देतो. वेगळ्या करणं सोपं आहे. आधी व्हॉल्यूम शून्यावर न्या. तरी आवाज येत असेल तर पिकअपला दोष देऊ नका, केबल, जॅक किंवा अँप तपासा. व्हॉल्यूम परत वाढवा आणि तारांना हात लावा. चरचर एकदम कमी झाली, तर ती विद्युत क्षेत्रातून येते आहे, म्हणजे शील्डिंग (ग्राउंडला जोडलेलं धातूचं आवरण) अपुरं आहे. हात लावून फरक पडत नाही, पण गिटार घेऊन जागच्या जागी गोल फिरल्यावर एका कोनात हम जवळजवळ नाहीसा होतो? मग तो चुंबकीय हम आहे. ट्रान्सफॉर्मर आणि वायरिंगमधून येणारा ५० किंवा ६० हर्ट्झचा आणि त्याच्या पटीतला.

चुंबकीय हमवर तांब्याची पट्टी चिकटवत बसणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. ५० हर्ट्झला तांब्याची स्किन डेप्थ ९ मिलिमीटरच्या वर असते. म्हणजे तांब्यात तेवढं खोल गेल्यावर ते क्षेत्र कुठे ३७ टक्क्यांवर येतं. आपली पट्टी मिलिमीटरच्या दहाव्या भागाहूनही पातळ, हम तिच्यातून आरपार जातो. चरचरीवर मात्र तीच पट्टी रामबाण आहे, फक्त ती ग्राउंडला जोडलेली हवी.

पट्टीचीच आणखी एक चूक. कॉइलभोवती ती गुंडाळून दोन्ही टोकं एकमेकांवर डागली, की तो एक बंद वेढा होतो. त्यात प्रवाह फिरतो आणि वरचे सूर गिळून टाकतो. टोकांमध्ये फट ठेवा, किंवा मध्ये टेपचा तुकडा घाला. कॉइलचं बाहेरचं टोक ग्राउंडला आणि आतलं टोक हॉटला, म्हणजे सिग्नलच्या तारेला, जोडलं तर बाहेरचे वेढेच थोडंफार शील्डचं काम करतात. फुकटातला फायदा आहे, सोडू नका. आणि गिटारच्या आतल्या ‘ग्राउंड लूप’बद्दल (ग्राउंडच्या तारांनी बनलेल्या बंद वेढ्याबद्दल) जी काळजी वाहिली जाते, ती माझ्या मते बरीचशी वाया जाते. एवढ्याशा लूपच्या मानाने ८००० वेढ्यांची कॉइल हजारो पट मोठा अँटेना असते.

किलोओमवर डिझाइन करणं

‘जुना पिकअप ५.८ किलोओमचा होता, मीही तेवढाच केला, मग वेगळा का वाजतो?’ हा प्रश्न इतका ठरलेला आहे की उत्तरही पाठ झालं आहे. रेझिस्टन्स तारेची लांबी आणि जाडी सांगतो, सूर सांगत नाही. ४२ ऐवजी ४३ गेज वापरून तेच किलोओम गाठले, तर वेढे साधारण पाचव्या हिश्श्याने कमी बसतात. इंडक्टन्स वेढ्यांच्या वर्गानुसार बदलतो, त्यामुळे तो मूळच्या दोन तृतीयांशापेक्षाही खाली येतो. शिवाय तांब्याचा रेझिस्टन्स दर अंश सेल्सिअसला जवळपास ०.३९ टक्क्यांनी वाढतो. २० अंशांना ६ किलोओम भरणारा पिकअप ३५ अंशांना ६.३५ दाखवतो. हवा तापली म्हणून पिकअप ‘हॉट’, म्हणजे जास्त आउटपुटचा, होत नाही.

इंडक्टन्स मोजणारा मीटर घ्या. नुसता मल्टिमीटर घेऊन शांत पिकअप डिझाइन करणं म्हणजे चाचपडणं आहे. पन्नासच्या दशकातल्या फेंडर स्ट्रॅटोकास्टर गिटारच्या धाटणीचा आवाज हवा असेल तर २.२ ते २.४ हेन्री हे लक्ष्य ठेवा. दोन्ही कॉइल आणि हम घालवायचा सगळा सरंजाम धरून, एकूण.

डमी कॉइल मूळ कॉइलसारखीच करणं

डमी म्हणजे चुंबकांशिवायची, फक्त हम पकडून तो वजा करणारी कॉइल. माझी पहिली चूक हीच. वाटलं होतं की हम रद्द करायला जुळी कॉइल लागते. लागत नाही. कॉइलमध्ये हमचा किती व्होल्टेज तयार होतो, हे वेढ्यांची संख्या गुणिले क्षेत्रफळ यावर ठरतं. इंडक्टन्स मात्र वेढ्यांच्या वर्गानुसार वाढतो. मग वेढे कमी करा, क्षेत्रफळ वाढवा.

आकडे घालून बघू. सिंगल कॉइलच्या एका वेढ्याचं सरासरी क्षेत्रफळ ढोबळमानाने ६ चौरस सेंटिमीटर धरलं, तर ८००० वेढ्यांचा गुणाकार ४८,०००. पिकगार्डच्या (गिटारच्या दर्शनी बाजूवरच्या प्लास्टिकच्या पत्र्याच्या) मागे कडेकडेने २४० चौरस सेंटिमीटरचा लूप मावत असेल, तर तेवढ्याच हमसाठी २०० वेढे पुरतात. अशा लूपचा इंडक्टन्स १५ मिलिहेन्रीच्या घरात येतो. २.३ हेन्रीपुढे तो नगण्य आहे, शिखर जागचं हलत नाही. अल्निकोच्या कांड्यांमुळे मूळ कॉइल थोडा जास्त हम पकडते, म्हणून २० ते ३० वेढे जास्तीचे घ्या आणि नंतर सोडवा.

लूपचं प्रतल पिकअपच्या कॉइलला समांतर हवं. तिरका बसला तर खोलीच्या एका कोपऱ्यात शांत आणि दुसऱ्या कोपऱ्यात गुणगुण, असा लपंडाव चालतो.

आता एक असा बिघाड, ज्याने मला एक अख्खा रविवार घरात बसवलं. एकटा पिकअप शांत, पण दोन पिकअप एकत्र लावले की हम परत. मधला पिकअप उलट वेढ्यांचा आणि उलट ध्रुवांचा होता. असे दोन पिकअप एकत्र वाजताना हम आपोआपच रद्द होतो, आणि मी डमी वाटेत तशीच ठेवल्यामुळे ती स्वतःचा हम त्यात ओतत होती. पिकअप निवडायच्या स्विचच्या त्या जागांवर डमी बाजूला काढावी लागते. आणि मधला पिकअप एकटाच वाजत असेल, तर डमीची दोन टोकं उलटी करावी लागतात. साधा पाच जागांचा स्विच याला पुरत नाही. स्विचिंगचा नकाशा कॉइल गुंडाळण्याआधी कागदावर काढा.

स्टॅकमध्ये खालच्या कॉइलला तार ऐकू येऊ देणं

पिकअपचा मूळ आकार जपायचा तर एकावर एक दोन कॉइल, म्हणजे स्टॅक, हा मोहात पाडणारा मार्ग. वरची कॉइल तार आणि हम दोन्ही ऐकते, खालचीने फक्त हम ऐकावा अशी अपेक्षा असते. पण लांब चुंबक दोन्ही कॉइलमधून आरपार गेले, की तारेचा सिग्नल खालीही पोहोचतो. खालची कॉइल उलटी जोडलेली असल्यामुळे ती तो वजा करते. मग आउटपुट पडतो, तो भरून काढायला माणूस आणखी वेढे घालतो, आणि विंटेजपणा त्या वेढ्यांखाली गाडला जातो.

यावर उपाय म्हणजे चुंबक वरच्या कॉइलपुरतेच ठेवणं, दोन्हींच्या मध्ये पोलादाचा पातळ पडदा घालणं आणि खालच्या कॉइलला लोखंडी गाभा देणं. त्या गाभ्यामुळे कमी वेढ्यांतही पुरेसा हम गोळा होतो. पण पोलादात भोवरा प्रवाह (धातूतच गोल फिरणारे विजेचे प्रवाह) फिरतात आणि शिखराची उंची खातात. पडदा जितका जाड, तितका सूर मंद. प्रत्येक बदलानंतर शिखर पुन्हा मोजण्यावाचून गत्यंतर नाही.

दोन कॉइल जुळवायची माझी पद्धत अशी. खालच्या कॉइलवर हिशोबापेक्षा २०० वेढे जास्त घालतो. पिकअप जुन्या धाटणीच्या ट्रान्सफॉर्मरच्या अडॅप्टरपासून हातभर लांब ठेवतो आणि ऑसिलोस्कोपवर हमची रेघ बघत दहा-दहा वेढे सोडवत जातो. रेघ बारीक होत जाते, एका ठिकाणी सर्वांत सपाट होते आणि पुढे परत फुगू लागते. सपाट जागा मागे टाकली हे त्या फुगण्यावरूनच कळतं, म्हणून सोडवलेली तार लगेच कापू नका. ५ टक्के फरक राहिला तर हम २६ डेसिबलने कमी होतो, १ टक्का राहिला तर ४० ने. सर्वांत सपाट जागीही बरीच रेघ उरत असेल, तर दोष वेढ्यांच्या संख्येत नाही. पोलादामुळे दोन कॉइलमधल्या हमची फेज, म्हणजे लहरींच्या चढउताराची वेळ, सरकलेली असते, आणि सरकलेली फेज वेढे सोडवून परत येत नाही. पडदा पातळ करा.

‘विंटेज’ म्हणजे कोणतं, हे न ठरवणं

सेथ लव्हर यांनी गिब्सन या गिटार कंपनीसाठी केलेल्या हमबकरच्या (दोन कॉइल उलट जोडून हम रद्द करणाऱ्या पिकअपच्या) पेटंटचा अर्ज १९५५ चा, पेटंट मिळालं १९५९ मध्ये. हमबकर हम घालवतोच आणि विंटेजही आहे, पण त्या घराण्याचा आवाज वेगळा. शेजारशेजारच्या दोन कॉइल तारेला दोन ठिकाणी ऐकतात, त्यामुळे वरचे काही स्वरांश एकमेकांना मारतात. सिंगल कॉइलचा बारीक नेमकेपणा त्यातून मिळवायची धडपड करू नका. त्या जुन्या हमबकरमधल्या दोन कॉइलचे वेढे बऱ्याचदा सारखे नसत. जराशी उघडीक त्यातूनही येते आणि थोडा हम मागे राहतो. मला हा सौदा मान्य आहे.

तीन तारांना एक कॉइल आणि उरलेल्या तीन तारांना दुसरी, ही विभागणी सुराच्या बाबतीत सर्वांत प्रामाणिक वाटते. फेंडरच्या प्रिसिजन या चार तारांच्या बास गिटारमध्ये, दोन-दोन तारांसाठी, १९५७ पासून हीच युक्ती आहे. तिची खोड गिटारवर बेंड करताना, म्हणजे तार बोटाने बाजूला ओढून सूर चढवताना, दिसते. तिसरी तार चौथीकडे ओढली की दोन विरुद्ध ध्रुवांच्या मधल्या भागात येते आणि सूर अचानक दबतो. दोन्ही कॉइलची टोकं थोडी एकमेकांपुढे सरकवून तिरकी मांडणी केली तर हे बरंच कमी होतं.

अल्निकोच्या जागी पोलादी कांड्या

तयार पिकअपच्या खाली सिरॅमिक चुंबक आणि वर पोलादी कांड्या, ही स्वस्त रचना आहे. तेवढ्याच वेढ्यांना ती बराच जास्त इंडक्टन्स देते, कारण पोलाद अल्निकोपेक्षा कितीतरी सहज चुंबकीय रेषा वाहून नेतं. वर भोवरा प्रवाहाचं नुकसान वेगळंच. आवाज गिब्सनच्या पी-९० या जाडसर आवाजाच्या सिंगल कॉइलच्या दिशेने जातो. तोच हवा असेल तर छानच. अल्निको हाताळताना समान ध्रुव समोरासमोर आणून दाबू नका, चुंबक कमजोर होतात. आणि पिकअप तारांच्या फार जवळ नेऊन आउटपुट भरून काढू नका. चुंबक तारा ओढतात, जाड तारांवर वरच्या फ्रेटवर सूर लहरतो, आणि लोक ट्यूनिंग तपासत बसतात.

उरलेल्या लहानसहान

कॉइलमध्ये मेण नीट मुरलं नाही तर जोरात वाजवताना शिट्टी येते. मेण ६० ते ६५ अंशांवर ठेवा, भांडं थेट आचेवर कधीच नको, गरम पाण्यात. बॉबिन (ज्यावर तार गुंडाळतात ती चौकट) जुन्या प्लास्टिकचा असेल तर तो मऊ पडून वाकतो, आधी एक रिकामा बॉबिन बुडवून बघा. धातूचं कव्हर पितळी नको, निकेल सिल्व्हरचं घ्या. पितळेत भोवरा प्रवाह जास्त फिरतात.

आणि तुलना करताना केबल तीच ठेवा. दर मीटर लांबीला १०० पिकोफॅरडची १० मीटर केबल लावली तर एकूण ११०० पिकोफॅरडच्या आसपास होतात आणि २.३ हेन्रीच्या निर्दोष पिकअपचंही शिखर ३१५० हर्ट्झवर येऊन बसतं. एकदा मी चांगला पिकअप उसवून परत गुंडाळला होता. दुसऱ्या दिवशी लक्षात आलं की आदल्या संध्याकाळी लांबची केबल लावलेली राहिली होती.