छोट्या ऑनलाइन दुकानाचं रँकिंग: आधी फिल्टर तपासा

टायटल, मेटा डिस्क्रिप्शन (शोधाच्या निकालासाठी लिहिलेलं पानाचं छोटं वर्णन), साइटमॅप (साइटवरच्या पानांची यादी) हे सगळं तुम्ही केलं आहे असं धरून चालते. ते करूनही दुकान शोधात वर येत नाही तेव्हा जीव कसा टांगणीला लागतो, ते मला माहीत आहे. सर्च कन्सोल (आपली साइट गूगल शोधात कशी दिसते ते दाखवणारं गूगलचं साधन) उघडताना अजूनही माझ्या पोटात गोळा येतो. म्हणून सर्वांत जास्त काळ जिथे अडकले होते, त्याबद्दल आधी लिहिते.

कॅटेगरी पेजवरचे फिल्टर. ग्राहकाला ते हवेतच. पण बरीच दुकानं प्रत्येक निवडीला वेगळा पत्ता (यूआरएल) देतात. 5 रंग, 4 आकार आणि 3 प्रकारची क्रमवारी एवढ्यावरच एका कॅटेगरीतून 60 पत्ते निघतात, आणि माल तोच. गूगलचा बॉट (पानं वाचत फिरणारा प्रोग्राम) ही सारखी पानं चाळत बसतो, नवं प्रॉडक्ट मात्र ताटकळतं. सर्च कन्सोलच्या पेजेस अहवालात ‘क्रॉल्ड, करंटली नॉट इंडेक्स्ड’ (गूगलने वाचली, पण इंडेक्समध्ये, म्हणजे शोधाच्या यादीत, घेतली नाहीत अशी पानं) खाली प्रश्नचिन्हवाले पत्ते ढिगाने दिसले, तर दुखणं हेच.

आता खरा सापळा. घाईत माणूस दोन्ही उपाय एकदम करतो: रोबॉट्स डॉट टीएक्सटीमध्ये (बॉटने कुठे जाऊ नये ते सांगणाऱ्या फाइलमध्ये) फिल्टरचे पत्ते अडवतो आणि त्या पानांवर नोइंडेक्सही (‘हे पान इंडेक्समध्ये घेऊ नका’ ही खूण) लावतो. दुहेरी कुलूप वाटतं, पण नोइंडेक्स लिहिलेलं असतं पानाच्या आत, आणि पान उघडायलाच बंदी असेल तर गूगल ते वाचणार कसं? रोबॉट्स फाइल वाचण्यापासून थांबवते, इंडेक्समधून काढत नाही. उलट त्या पत्त्याकडे कुठून लिंक येत असेल, तर अडवलेला पत्ताही वर्णनाविना निकालात दिसू शकतो. म्हणून क्रम पाळा. पान उघडं ठेवून नोइंडेक्स लावा, ते इंडेक्समधून गेलंय याची खात्री करा, मगच अडवा. कॅनॉनिकलचंही (सारख्या पानांपैकी मुख्य कोणतं ते सांगणाऱ्या खुणेचंही) तेच: अडवलेल्या पानावरचा कॅनॉनिकल वाचला जात नाही, आणि वाचला तरी गूगलसाठी ती सूचना आहे, हुकूम नाही. सर्च कन्सोलच्या यूआरएल इन्स्पेक्शनमध्ये एक फिल्टरचा पत्ता टाका आणि तुम्ही सांगितलेला कॅनॉनिकल व गूगलने निवडलेला कॅनॉनिकल एकच आहेत का, ते स्वतःच्या डोळ्यांनी पाहा. हे कुणावर सोपवू नका.

सगळेच फिल्टर मात्र मारू नका. ‘काळी लेदर बॅग’ असं लोक खरोखर शोधत असतील, तर त्यासाठी स्वतंत्र कॅटेगरी पेज करा, स्वतःचं टायटल आणि चार ओळींचा खरा मजकूर देऊन. छोट्या दुकानाला मोठ्यांपुढे जागा मिळते ती अशाच नेमक्या शोधांत.

संपलेला माल परत येणार असेल तर पान काढू नका, स्ट्रक्चर्ड डेटामध्ये (पानाच्या कोडमध्ये सर्च इंजिनसाठी दिलेल्या माहितीत) ‘आउट ऑफ स्टॉक’ दाखवा. कायमचा बंद झाला आणि जवळचा पर्याय असेल तर त्याकडे 301 (कायमचं वळण) लावा, नसेल तर 404 (‘पान सापडलं नाही’) येऊ द्या. सगळं होमपेजकडे वळवणं चुकीचंच. वेगाबद्दल एवढंच: मुख्य चित्र 2.5 सेकंदांच्या आत दिसायला हवं, आणि त्या पहिल्या चित्राला लेझी लोडिंग (स्क्रोल करत जवळ आल्यावरच चित्र उतरवणं) लावू नका.

पहिल्या क्रमांकाची हमी देणाऱ्याला एक रुपयाही देऊ नका. बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणारी लिंक) विकत घेण्याच्या धंद्याला गूगलच्या 2012च्या पेंग्विन अपडेटने दणका दिला, तरी ती पॅकेजेस आजही विकली जातात. कीवर्ड मेटा टॅग (पानाच्या कोडमधली शोधशब्दांची यादी) रँकिंगसाठी वापरत नाही हे गूगलने 2009मध्येच जाहीर केलं, आणि तो भरून देण्याचे पैसे घेणारे अजून भेटतात. चांगला मार्गदर्शक बोलण्याआधी तुमचं सर्च कन्सोल उघडायला सांगतो, एवढ्यावरून माणूस ओळखता येतो.

आणि आकडे लगेच हलले नाहीत म्हणून खचू नका. फायदा दिसायला बहुतेकदा 4 महिने ते वर्ष लागतं, असं गूगलचंच मार्गदर्शन सांगतं. इंडेक्समधल्या पानांची संख्या घटली की छातीत धस्स होतं, पण गेलेले पत्ते फिल्टरचे असतील तर ते हवंच होतं. सर्च कन्सोलच्या परफॉर्मन्स अहवालात फक्त 16 महिन्यांचा डेटा राहतो, तेव्हा फिल्टरला हात लावण्याआधी तो उतरवून ठेवा आणि बदल आधी एकाच कॅटेगरीवर करून पाहा.