अंगणातला तरवड: सोलापूरच्या उन्हाला पुरून उरणारं झुडूप

अंगणात तरवड लावायचा म्हटलं की घरातलं कोणीतरी म्हणणारच, "माळावरचं झुडूप, ते दारात कशाला?" पण नळाला काही दिवसांआड पाणी आणि मे महिन्यात पारा ४२-४३ वर, अशा गावात गुलाबाला बादल्या घालत बसण्यापेक्षा तरवड परवडतो. शिवाय फुलं कामाची. नवरात्रात घटाला याच पिवळ्या फुलांची माळ चढते आणि शहराच्या पूर्वभागातल्या तेलुगू घरांत बतुकम्मा, म्हणजे देवी म्हणून पुजायची फुलांची उतरंड, रचायलाही हीच लागतात.

माळावरचं मोठं झाड उपटून आणू नका. सोटमूळ खोल गेलेलं असतं, ते तुटतं आणि झाड वाळतं. बियांपासूनच सुरुवात करा. हिवाळा सरताना शेंगा तपकिरी होतात. चपट्या, कागदासारख्या पातळ, आतल्या एकेका बीची जागा वरूनच उठून दिसते. झाड तरवडाचंच आहे ना, हे पानाच्या बुडाशी बघा. तिथं कानाच्या पाळीसारखी दोन गोलसर उपपर्णं असतात. नुसत्या पिवळ्या फुलांवर जाऊ नका, तरवडाच्या नात्यातल्या कॅशियाच्या किती तरी जातींना तशीच फुलं येतात.

बीचं कवच टणक असतं. उकळतं पाणी चुलीवरून उतरवा, दोन-तीन मिनिटं थांबा, मग बियांवर ओता आणि रात्रभर राहू द्या. सकाळी फुगलेल्या बिया पेरायच्या. न फुगलेल्या काचपेपरवर हलक्या हातानं घासून पुन्हा भिजवायच्या.

एप्रिल-मेमध्ये पिशवीत माती, वाळू आणि थोडं शेणखत मिसळून अर्धा इंच खोल दोन-दोन बिया टाका. पुढे जोमदार रोप ठेवून दुसरं काढा. जूनच्या शेवटी चांगला पाऊस झाला की लगेच जमिनीत लावा. पिशवीत जास्त दिवस ठेवलं तर मूळ तळाशी गुंडाळतं आणि असं झाड पुढे दुष्काळात तग धरत नाही.

खरी गंमत जमिनीची. मुरमाड जागा असेल तर निवांत राहा, दीड फुटाचा खड्डा पुरे. काळ्या मातीत मात्र खोल खड्डा करून मुरूम भरायचा सल्ला ऐकू नका. चहूबाजूंची चिकण माती पाणी सोडत नाही, सप्टेंबरच्या जोरदार पावसात खड्डा भरून राहतो आणि मूळ कुजतं. त्यापेक्षा माती आणि मुरूम मिसळून जमिनीवरच फूटभर उंच, पसरट वरंबा करा आणि रोप त्यावर लावा. कुंपणासाठी तीन फुटांवर एक, सुटं झुडूप हवं तर पाच-सहा फूट मोकळे सोडा. ऊन दिवसभर हवं. सावलीत तो नुसता लांबतो.

पहिल्या हिवाळ्यात पंधरा दिवसांनी, पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून एकदा भरपूर पाणी द्या. रोज तांब्याभर घालू नका, मुळं वरच्यावरच राहतात. दुसऱ्या उन्हाळ्यात महिन्यातून एकदा पुरतं, नंतर पावसावर सोडा. युरियाच्या वाटेला जाऊ नका, पाला वाढतो आणि फुलं हटतात.

पानांवर हिरव्या अळ्या दिसल्या तर फवारणीला धावू नका. बहुधा त्या फिकट पिवळ्या-पांढऱ्या फुलपाखरांच्या असतात. खाल्लेला पाला पुन्हा फुटतो. गुरं सहसा याला तोंड लावत नाहीत, त्यामुळे फाटकाबाहेरही लावता येतो.

छाटणी बहर ओसरल्यावर, फेब्रुवारीच्या सुमारास. तिसरा हिस्सा उतरवा, वाळक्या काड्या बुडातून काढा. बी हवं असेल तर एखादी फांदी शेंगांसकट राखून ठेवा. जुनं, विरळ झालेलं झुडूप गुडघ्याइतकं कापलं तरी पावसात नव्यानं फुटतं, पण त्या वर्षी घटाच्या माळेला फुलं शेजारून मागून आणावी लागतील.