गाडी लोअर करताय? शॉकअपच्या बाबतीत या चुका टाळा

"काका, आत्ता फक्त स्प्रिंग टाकून द्या, शॉकअपचं नंतर बघू."

महिन्यातून दोनदा तरी हे वाक्य माझ्या गॅरेजच्या दारात ऐकू येतं. बोलणारा वीस-बावीस वर्षांचा, बगलेत लोअरिंग स्प्रिंगचा, म्हणजे गाडीची उंची कमी करणाऱ्या आखूड, कडक स्प्रिंगचा खोका, आणि गाडी 70-80 हजार किलोमीटर चाललेली. तीन-चार महिन्यांनी तोच मुलगा परत येतो. आता गाडी होडीसारखी डुलते, खड्ड्यात मागून धाडकन आवाज येतो आणि डाव्या शॉकअपवर तेल दिसतंय. मग स्ट्रट (स्प्रिंग आणि शॉकअपची एकत्र जोडणी) पुन्हा उतरवा, स्प्रिंग पुन्हा दाबा, अलाइनमेंट पुन्हा करा. शॉकअपचे पैसे जातातच, वर मजुरी दोनदा.

म्हणजे प्रत्येक वेळी शॉकअप बदलायलाच हवेत असं मी म्हणत नाही. गरज नसताना महागडे शॉकअप गळ्यात मारणारेही मी पाहिलेत. पण 'नंतर बघू' हा काही निर्णय नव्हे.

सगळ्यात मोठी चूक: कडकपणा बघणं, ट्रॅव्हल न बघणं

प्रत्येकाचा प्रश्न एकच. "स्प्रिंग कडक आहे, जुना शॉकअप तिला सांभाळेल का?" प्रश्न चुकीचा नाही, पण दुसऱ्या नंबरचा आहे. स्प्रिंग जितकी कडक होते तितकंच डॅम्पिंग, म्हणजे शॉकअपचा उसळी आवरायचा जोर, वाढावं लागत नाही, ते वर्गमुळाच्या हिशेबाने वाढतं. स्प्रिंग 20 टक्के कडक झाली तर शॉकअपला साधारण 10 टक्केच जास्त जोर लागतो. धडधाकट शॉकअप एवढं ओढून नेतो. खरी अडचण जागेची, म्हणजे ट्रॅव्हलची असते. गाडी उभी असताना शॉकअपचा दांडा खाली जाऊन बंप स्टॉपर (दांड्यावरचा रबरासारखा ठोकळा) टेकेपर्यंत किती जागा शिल्लक आहे, हे कुणी मोजत नाही.

मीही मोजलं नव्हतं. माझी पहिली पोलो, शॉकअप मूळचेच, 60 हजार किलोमीटर झालेले. त्यावर 40 मिलिमीटर खाली नेणाऱ्या स्प्रिंग टाकल्या. एकटा फिरवायचो तेव्हा गाडी झकास, वळणावर चिकटून चालायची, मी खूश. मग एकदा महाबळेश्वरहून परत येताना मागे तिघं, डिकीत बॅगा आणि अर्थातच स्ट्रॉबेरीच्या पेट्या. मागच्या बाजूला रिकाम्या गाडीत मूळची 75 मिलिमीटर जागा होती, हे मला नंतर कळलं. त्यातले 40 स्प्रिंगने खाल्ले, उरलेले 35 माणसांनी आणि सामानाने. म्हणजे मागची बाजू स्प्रिंगवर नव्हतीच, स्टॉपरवर बसली होती.

खंबाटकीचा बोगदा संपला की पुण्याकडे येताना एस वळण लागतं. तिथे रस्त्यात जरासा उंचवटा आला आणि मागची बाजू उडून चांगली हातभर सरकली. शेजारच्या लेनमध्ये ट्रक नव्हता, म्हणून निभावलं. शिरवळ येईपर्यंत गाडीत कुणी बोललं नाही. चहाच्या टपरीवर सौ. एवढंच म्हणाली, "आधी होती तशी करून आणा."

झालं काय होतं? स्टॉपर पूर्ण दबत आला की तो एकदम कैकपट कडक होतो आणि सुटताना तेवढ्याच जोराने उसळतो. ती उसळी आवरायला लागणारं रिबाउंड, म्हणजे दबलेला शॉकअप परत उघडताना होणारा विरोध, मूळच्या शॉकअपमध्ये भरलेलंच नसतं, त्यात तो थकलेला असला तर विचारूच नका. अशा गाडीत शॉकअपमधलं तेल अडवणारं सीलही लवकर जातं. मग लोक म्हणतात, स्प्रिंग खराब निघाली.

तेव्हापासून माझी एक सवय आहे. लोअर करण्याआधी, मूळ सस्पेन्शनवरच, डस्ट कव्हर वर सरकवून शॉकअपच्या दांड्यावर एक बारीक प्लॅस्टिकची टाय बांधतो. सीलला टेकून, सरकेल इतपत घट्ट. तारेचा तुकडा चालणार नाही, दांड्यावर ओरखडे पडतात. मग गाडी मालकाला परत देतो आणि सांगतो, दोन दिवस नेहमीच्या रस्त्याने चालव, एकदा घरची सगळी मंडळी बसवून चालव. शॉकअप दबला की टाय दांड्यावर वर ढकलली जाते आणि तिथेच राहते. टाय आणि स्टॉपर यांच्यात जेवढं अंतर उरलं, तेवढंच तुमचं भांडवल. 20 मिलिमीटर उरले असतील तर 40 मिलिमीटरची स्प्रिंग कुठून बसवणार? निम्मी मुलं त्या दोन दिवसांनी येतच नाहीत. दोन दिवस थांबायची तयारी नसलेल्याने सस्पेन्शनला हात न लावलेलाच बरा.

मग बदलायचे कधी?

माझा हिशेब सरळ आहे, सगळ्यांना पटेलच असं नाही. 25 मिलिमीटरपर्यंत उतरवायची, शॉकअप 40 हजार किलोमीटरच्या आतले आणि कोरडे, तर बदलू नका. ते पैसे चांगल्या टायरवर घाला. 35 च्या पुढे गेलात, किंवा शॉकअप 60 हजार किलोमीटरच्या पुढचे आहेत, तर स्प्रिंगसोबतच बदला, नाहीतर स्प्रिंगही टाकू नका. मधल्यांनी टायचं ऐकावं.

कोरडे म्हणजे काय? सीलखाली हलकी ओलसर झाक आणि तिला चिकटलेली धूळ चालते. ओघळ आला असेल तर तो शॉकअप गेला. बंपर दाबून, गाडी किती वेळा हलते ते मोजून छातीठोकपणे निकाल देणारे लोक असतात. त्यात पार मेलेला शॉकअप तेवढा सापडतो, अर्धमेला नाही.

स्प्रिंग कापणं

नको. सहा वेढ्यांतला एक कापला की स्प्रिंग 20 टक्के कडक होते, वर टोकाची नीट बसणारी बैठक जाते आणि चाक लटकलं की ती जागा सोडते. गॅसने तापवून बसवणारे त्याहून थोर, पोलादाला दिलेला ताव ते एका मिनिटात घालवतात. माझ्याकडे ग्राइंडर आहे, या कामाला मिळणार नाही.

चुकीचा शॉकअप मागवणं

बिल्स्टीन कंपनीचा बी-6 मूळ उंचीसाठी असतो, बी-8 आखूड असतो आणि लोअरिंग स्प्रिंगसाठीच बनवलेला असतो. दिसायला दोन्ही पिवळे, म्हणून मिळेल तो उचलतात. जॅकवर, खाली स्टँड लावून, चाक लटकत ठेवा आणि स्प्रिंग हाताने फिरवून बघा. फिरली तर शॉकअप तिच्यासाठी लांब आहे. खड्ड्यावरून चाक हवेत गेलं की हीच स्प्रिंग खडखडणार.

कोनी स्पोर्टसारखे रिबाउंड कमी-जास्त करता येणारे शॉकअप बसवले की पहिल्याच दिवशी नॉब शेवटपर्यंत कडक. का, तर पैसे दिलेत. रिबाउंड नको इतकं कडक असलं की एका खड्ड्यात दबलेलं चाक दुसऱ्या खड्ड्याआधी परत खाली येत नाही. ओळीने गतिरोधक लागले की गाडी प्रत्येकावर थोडी थोडी खाली बसत जाते. इंडियन रोड्स काँग्रेसच्या 1988 च्या मानकात गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच होता. आमच्या धायरीत लोकांनी डांबराचा ढिगारा ओतून तो केलेला असतो. नॉब मऊपासून सुरू करा आणि डुलणं थांबेल तिथे सोडा.

बसवताना

इथे दोष मिस्त्रींचा, म्हणजे आमचाच. स्ट्रटचा मधला नट फिरवताना दांडाही सोबत फिरतो. घाईतला पोऱ्या सरळ पकडीने दांडा धरतो. मागे एका गाडीचे नवेकोरे शॉकअप महिन्यात गळायला लागले म्हणून माझ्याकडे आले. डस्ट कव्हर वर केलं तर चकचकीत दांड्यावर पकडीच्या दातांची रांग. तो खरखरीत भाग प्रत्येक खड्ड्याला सीलमधून जात होता, सील चिरणारच. दांड्याच्या टोकाला ॲलन कीची खाच असते, ती त्यासाठीच असते.

दुसरं, लोअर आर्मच्या (चाकाला गाडीशी जोडणाऱ्या खालच्या दांडीच्या) रबरी बुशचे बोल्ट. गाडी लिफ्टवर, चाकं लटकलेली, आणि तशीच बोल्ट आवळून मोकळं व्हायचं. बुशचं रबर त्या लटकत्या स्थितीत पकडलं जातं आणि गाडी खाली आली की कायम पिळलेलं राहतं. लोअर केलेल्या गाडीत तो पीळ आणखी जास्त. बुश लवकर फाटतात, तोवर गाडी हवी तेवढी खालीही बसत नाही. बोल्ट हातघट्ट ठेवा, गाडी चाकांवर आणा, मग शेवटचं आवळा. खड्ड्यात उतरून किंवा रॅम्पवर चढवून करावं लागतं, वेळ जातो. म्हणूनच कुणी करत नाही.

बाकीच्या, भराभर

बंप स्टॉपर काढून टाकू नका, स्प्रिंगवाल्याने सांगितलं असेल तेवढाच कापा. शॉकअप जोडीने बदला. टॉप माउंट (स्ट्रटचा वरचा आधार) आणि बेअरिंग त्याच वेळी बघा, नंतर फक्त त्यासाठी सगळं उघडावं लागतं. अलाइनमेंट लगेच करा, आणि 500 किलोमीटरवर स्प्रिंग बसल्या की पुन्हा करा, तोवर टो (चाकांचा आत-बाहेर वळलेला कोन) बदललेला असतो. गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 वाचून ठेवा. परवानगी नसलेल्या बदलासाठी कलम 182अ नुसार मालकाला दर बदलामागे 5,000 रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतात. हेडलाइटचा झोत पुन्हा लावून घ्या.

पोलो अजून माझ्याकडेच आहे. 25 मिलिमीटर खाली, नवे शॉकअप, मागच्या दोन्ही दांड्यांवर टाय बांधलेली. सौ. मागे बसते तेव्हा डिकीत बॅग एकच.