काकांचा कॉम्प्युटर उघडताना

काका श्रावणात गेले. तेरावा झाला, पाहुणे पांगले, आणि काकूने मला आतल्या खोलीत नेऊन टेबलावरच्या कॉम्प्युटरकडे बोट दाखवलं. "ह्यांचं कुलवृत्तान्ताचं सगळं काम ह्यातच आहे. पासवर्ड कुणालाच ठाऊक नाही गं."

काका मिरजेत घरूनच डीटीपीचं काम करायचे. लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल, एखादा दिवाळी अंक. उरलेल्या वेळात आमच्या घराण्याचा कुलवृत्तान्त. कोकणातल्या मूळ गावापासून दहा पिढ्या, कोण कुठे स्थायिक झालं, कुणाची मुलगी कुठल्या घरी गेली, हे सगळं त्यांनी वीसेक वर्षं पत्रं लिहून आणि घरोघर जाऊन जमवलं होतं. छापील प्रत एकही नव्हती. मी ग्रंथालयात काम करते, कॉम्प्युटरची तंत्रज्ञ नाही. तरीही हे काम मला जमलं. तुमच्या घरात अशी वेळ आली तर उपयोग व्हावा म्हणून आम्ही काय, कोणत्या क्रमाने केलं ते लिहिते. हा क्रम महत्त्वाचा आहे. घाईत नंतरचं आधी केलं तर माणसाबरोबर त्याचं कामही जातं.

आमच्याकडे ती वेळ जवळजवळ आलीच होती. चुलतभावाने ओळखीच्या दुरुस्तीच्या दुकानात फोन केला होता आणि तिकडून उत्तर आलं होतं, "आणून द्या, फॉरमॅट मारून तासाभरात चालू करून देतो." फॉरमॅट मारला की मशीन चालू होतं, पण आतलं पुसलं जातं. कुठल्याही दुकानात मशीन द्यायचं असेल तर पावतीवर लिहून घ्या: 'डेटा हवा आहे, फॉरमॅट करू नये.'

सर्वांत आधी कॉम्प्युटर बाजूला ठेवा आणि फोन हातात घ्या. काकांचं सिम प्रीपेड होतं आणि रिचार्ज संपायला सहा दिवस उरले होते. प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापरात नसेल तर कंपनी तो बंद करू शकते, आणि पुढे तो दुसऱ्याच कुणाला तरी मिळतो. ईमेलचा पासवर्ड बदलायचा असो की अकाउंटची ओळख पटवायची असो, कोड त्याच नंबरवर येतो. तेव्हा रिचार्ज करा, फोन चार्ज ठेवा, आणि सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालायची घाई करू नका. सवडीने मृत्यूचा दाखला आणि बाकी वारसांचं ना हरकत पत्र देऊन नंबर वारसाच्या नावावर करून घेता येतो.

मग परवानगी. हे मला मनापासून सांगायचं आहे, कारण घरचंच मशीन म्हणून ते राहून जातं. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ मध्ये मालकाच्या किंवा ताबा असलेल्या व्यक्तीच्या परवानगीशिवाय कॉम्प्युटर उघडण्याबद्दल तरतूद आहे. काकांच्या मागे काकू आणि दोन मुली. मी तिघींकडून साध्या कागदावर लिहून घेतलं की अमुक मशीन उघडून कौटुंबिक फायली काढायला आमची संमती आहे. वारसांत वाद असेल तर आधी दिवाणी न्यायालयातून वारस दाखला घ्या, मशीनला तोवर हात लावू नका. आणि एक गोष्ट संमती असली तरी करू नका: गेलेल्या माणसाच्या फोनवर ओटीपी घेऊन त्याच्या बँकेतून पैसे काढू नका. बँकेला मृत्यू कळवायचा, दाखला द्यायचा, नॉमिनी किंवा वारस म्हणून रीतसर अर्ज करायचा. काकांची डिजिटल सहीची पेनड्राइव्हसारखी कांडी सापडली, तीही मी पाकिटात घालून काकूकडे दिली. ती सही त्यांची होती, त्यांच्याबरोबर संपली.

आता कागद शोधा. आमच्या पिढीच्या आधीची माणसं पासवर्ड कुठेतरी लिहून ठेवतातच. कालनिर्णयाच्या पानांची मागची बाजू, टेलिफोनची जुनी डायरी, कॉम्प्युटरच्या बिलाची फाईल, कीबोर्डची खालची बाजू, देवघरातला विम्याच्या पावत्यांचा डबा. आम्हाला पासवर्ड मिळाला नाही, पण काकांचा ईमेल पत्ता आणि लॅपटॉपचं बिल मिळालं. लॅपटॉप आहे हे तोवर आम्हाला माहीतच नव्हतं. तो कपाटात साड्यांखाली निघाला.

लॉगिनच्या पडद्यावर अंदाज लढवण्याआधी उजव्या कोपऱ्यातली भाषा बघा. मराठी टायपिंग करणाऱ्यांच्या मशीनवर तिथे मराठी कीबोर्ड चालू राहिलेला असतो आणि मग बरोबर पासवर्डही चुकतो. कॅप्स लॉक, नम लॉकही तपासा. पण अंदाजांना मर्यादा घाला. भावाने वाढदिवस, गाड्यांचे नंबर, मुलींची नावं असं तासभर चालवलं, हाती काही लागलं नाही.

नावाखाली ईमेल पत्ता दिसत असेल तर ते मायक्रोसॉफ्ट अकाउंट आहे, त्याचा पासवर्ड इंटरनेटवरून, नोंदवलेल्या फोनवर कोड मागवून बदलता येतो. नुसतं नाव दिसत असेल तर ते त्याच मशीनपुरतं, म्हणजे लोकल अकाउंट असू शकतं. विंडोज १० च्या २०१८ पासूनच्या आवृत्त्यांत लोकल अकाउंट बनवताना तीन सुरक्षा प्रश्न भरून घेतात, आणि पासवर्ड चुकला की खाली 'रीसेट पासवर्ड' येतं. प्रश्न घरगुती असतात: लहानपणीचं टोपणनाव, पहिली शाळा, जन्मगाव, सर्वांत मोठ्या चुलत-मामे भावंडाचं नाव. आमच्याकडे यातलेच तीन आले. पण मी तिथेच थांबले आणि तुम्हीही थांबा. पासवर्ड बदलण्याआधी फायलींची प्रत काढायची. बाहेरच्या एखाद्या साधनाने लोकल पासवर्ड उडवला तर क्रोमसारख्या ब्राउजरमध्ये साठवलेले पासवर्ड आणि विंडोजने एन्क्रिप्ट केलेल्या, म्हणजे किल्लीशिवाय वाचता न येणाऱ्या फायली पुन्हा उघडत नाहीत, कारण त्यांची किल्ली जुन्या पासवर्डशी बांधलेली असते.

प्रत काढायला पासवर्ड लागत नाही, हे मला त्या दिवसापर्यंत माहीत नव्हतं. लॉगिनचा पासवर्ड हा दारावरचा पहारेकरी आहे. डिस्क एन्क्रिप्ट केलेली नसेल तर दुसऱ्या दाराने आत जाता येतं. दुसऱ्या कॉम्प्युटरवर लिनक्स मिंट किंवा उबंटू (विंडोजच्या जागी चालणाऱ्या मोफत लिनक्स प्रणाली) उतरवून घ्या आणि रूफस नावाच्या मोफत प्रोग्रामने ते ८ जीबीच्या पेनड्राइव्हवर चढवा. त्या पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, म्हणून रिकामा घ्या. तो बंद मशीनला लावा, मशीन चालू करा आणि लगेच बूट मेनूचं, म्हणजे मशीन कशावरून सुरू करायचं ते विचारणाऱ्या यादीचं, बटण दाबत राहा. डेल आणि लेनोवोवर ते बहुधा एफ१२ असतं, एचपीवर एफ९. यादीतून पेनड्राइव्ह निवडा. उबंटू विचारतं, नुसतं वापरून बघायचं की इन्स्टॉल करायचं? वापरून बघायचं. इन्स्टॉलवर बोट गेलं तर डिस्क पुसली जाऊ शकते, म्हणून या पायरीला शेजारी कुणीतरी बसवा. माझ्या शेजारी काकू बसली होती, जपमाळ घेऊन.

लिनक्स उघडलं की फाइल्समध्ये काकांची डिस्क दिसली. कधी ती केवळ वाचता येईल अशीच उघडते. हरकत नाही, आपल्याला तेवढंच हवं असतं. 'युझर्स' फोल्डर, त्यात त्यांच्या नावाचं फोल्डर, डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, पिक्चर्स, मग डी ड्राइव्ह पूर्ण, असं सगळं नव्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर उतरवलं. नाव बघून निवडत बसू नका, अख्खं घ्या. कुलवृत्तान्त कुठे होता? डी ड्राइव्हमध्ये, 'न्यू फोल्डर ३' मध्ये. आणि विंडोजच्या आतलं 'फॉन्ट्स' फोल्डर विसरू नका. मराठी माणसाच्या मशीनमधून ते घ्यावंच लागतं, का ते पुढे सांगते.

मशीन मुळी चालूच होत नसेल तर डिस्क काढून सॅटा ते यूएसबी डॉकने (सुटी डिस्क यूएसबीला जोडणाऱ्या उपकरणाने) दुसऱ्या कॉम्प्युटरला जोडता येते. डेस्कटॉपची ३.५ इंची डिस्क असेल तर स्वतःचा ॲडॅप्टर असलेला डॉक घ्या, यूएसबीची वीज तिला पुरत नाही. डिस्कमधून टक्‌टक्‌ आवाज आला तर त्या क्षणी बंद करा आणि डेटा रिकव्हरी करणाऱ्यांकडेच न्या. प्रत्येक वेळी चालू केल्याने ती आणखी बिघडते.

लॅपटॉपचं प्रकरण वेगळं निघालं. त्याची डिस्क लिनक्समध्ये कुलपाच्या चित्रासह दिसली. बिटलॉकर, म्हणजे विंडोजचं डिस्कवरचं कुलूप. नव्या विंडोज मशीनवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा आत जाताना एन्क्रिप्शन पुष्कळदा आपोआप सुरू होतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. इथे डिस्क काढून काही होत नाही. ४८ आकड्यांची रिकव्हरी की लागते, ती नसेल तर कुठलंही दुकान ती डिस्क उघडून देऊ शकत नाही. देतो म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका. ही की (किल्ली) चार ठिकाणी असू शकते: छापलेल्या कागदावर, पेनड्राइव्हवरच्या फाइलमध्ये, नोकरीचं मशीन असेल तर कार्यालयाच्या आयटी विभागाकडे, आणि बहुतेक वेळा त्या व्यक्तीच्या मायक्रोसॉफ्ट अकाउंटच्या पानावर, तिच्या उपकरणांच्या यादीत. काकूने काकांच्या फोनवरून कोड घेतला, अकाउंट उघडलं, आणि की तिथे होती. अडलेल्या पडद्यावर की आयडीची पहिली अक्षरं दिसतात, ती जुळवून मगच आकडे भरायचे. त्या दिवशी रिचार्ज संपायला दोन दिवस होते. एक लक्षात ठेवा: बायोसमधल्या, म्हणजे विंडोजच्याही आधी उघडणाऱ्या मशीनच्या मूळ पडद्यावरच्या, सेटिंग बदलल्या तरी बिटलॉकर की मागू लागतो, म्हणून की हाती येण्याआधी तिथे काही छेडू नका.

ॲपलचं मशीन असेल तर हिशेब आणखी कडक. २०१८ च्या आसपासच्या टी२ चिपच्या मॅकपासून पुढे डिस्क मशीनच्या चिपशी बांधलेली असते, ती काढून वाचता येत नाही. त्या माणसाने हयातीत 'लेगसी कॉन्टॅक्ट', म्हणजे आपल्यामागे डेटा मिळावा असा माणूस, नेमला असेल तर त्याच्याकडची ॲक्सेस की आणि मृत्यूचा दाखला देऊन आयक्लाउडमधला बराचसा डेटा मिळतो, साठवलेले पासवर्ड मात्र मिळत नाहीत. गूगल कुणालाच पासवर्ड देत नाही, आणि दोन वर्षं न वापरलेलं वैयक्तिक अकाउंट पुसू शकतं. तेव्हा ईमेलमधल्या फायलींचा विचार वर्षश्राद्धापर्यंत तरी करून टाका.

आता फॉन्टबद्दल. कॉपी झालेली फाइल माझ्या लॅपटॉपवर उघडली तर इंग्रजी अक्षरं, कंस आणि स्वल्पविरामांची खिचडी. काकू म्हणाली, "बिघडलं का?" बिघडलं नव्हतं. युनिकोड (कुठल्याही मशीनवर मराठी अक्षरं तशीच दिसावीत अशी आजची पद्धत) रुळण्याआधीचं मराठी श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा फॉन्टमध्ये असायचं. त्यात इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवलेले असतात. तो फॉन्ट नसला की खालची इंग्रजी अक्षरं उघडी पडतात. काकांचं 'फॉन्ट्स' फोल्डर माझ्या मशीनवर टाकलं आणि वर्डच्या फायली वाचता आल्या. पेजमेकर या जुन्या पानं मांडायच्या प्रोग्रामच्या फायली लिबरऑफिस ड्रॉ या मोफत प्रोग्राममध्ये उघडतात, मांडणी थोडी विस्कटते. श्रीलिपी मूळ प्रोग्रामसकट वापरायची असेल तर कॉम्प्युटरच्या मागे लावलेला छोटा डोंगल लागतो. आवराआवरीत जुना पेनड्राइव्ह समजून तो फेकू नका.

मूळ प्रोग्राम काकांच्याच मशीनवर, म्हणून मग त्यात शिरणं भागच होतं. प्रत सुरक्षित होती, आता सुरक्षा प्रश्नांना हरकत नव्हती. शाळा काकूला माहीत, जन्मगाव सगळ्यांना माहीत. टोपणनाव पुण्याच्या आत्याला फोन करून विचारलं. "बाळू म्हणायचो गं आम्ही त्याला," आत्या म्हणाली आणि बराच वेळ काही बोलली नाही. इंग्रजीत, शेवटी दोन 'ओ' लावून. मशीन उघडलं.

त्यात गिऱ्हाइकांच्या पत्रिका आणि मुलामुलींच्या स्थळांच्या माहितीच्या शेकडो फायली होत्या. त्या मी उघडल्या नाहीत. त्या लोकांनी काकांवर विश्वास ठेवून दिल्या होत्या. ज्यांचं काम अर्धवट होतं त्यांना कळवून त्यांचं त्यांना दिलं, बाकी काकूला विचारून पुसलं.

कुलवृत्तान्ताचा मजकूर फॉन्ट कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणला. कन्व्हर्टर रफार आणि जोडाक्षरांत चुकतो, आणि माणसांच्या नावात चूक चालत नाही. म्हणून रोज संध्याकाळी दिवा लावल्यावर काकू मूळ पान मोठ्याने वाचते आणि मी माझ्याकडची ओळ तपासते. सहाव्या शाखेपर्यंत आलो आहोत. काकांनी ४१ नावांपुढे प्रश्नचिन्ह ठेवलं आहे, त्यातली नऊ आत्याने सोडवली. मूळ डिस्क कापडात गुंडाळून, वर तारीख घालून काकूच्या कपाटात आहे, दुसरी प्रत माझ्याकडे, तिसरी धाकट्या बहिणीकडे नाशिकला.