मुळशीच्या पाण्यासोबत कोकणात: चांदणी चौक ते कोलाड, सायकलवर

पुण्याच्या पश्चिमेला एकाच दिवसात धरणाचा काठ, दाट झाडी, घाट आणि वाहती नदी असं सगळं दाखवणारा डांबरी रस्ता म्हणजे ताम्हिणीचा. मुळा नदीचं पाणी एरवी भीमेतून कृष्णेत आणि पुढे बंगालच्या उपसागरात जातं. मुळशी धरणात अडवलेलं पाणी मात्र भिऱ्याच्या वीजघरातून घाटाखाली उतरतं आणि कुंडलिकेतून रेवदंड्याला अरबी समुद्राला मिळतं. भिऱ्याचं हे वीजघर १९२७ पासून चालू आहे. आपणही साधारण त्याच दिशेने उतरतो. अंतर सुमारे १०० किमी.

पहिल्यांदाच लांब जाणार असाल तर कोलाडचा हट्ट धरू नका. मुळशीच्या पाण्यापर्यंत जाऊन परत या, ७० ते ८० किमी होतात. ते दमून न जाता जमलं की पुढच्या खेपेला ताम्हिणी गावापर्यंत जा, म्हणजे येऊन-जाऊन ११० च्या आसपास. त्यानंतर कोलाड.

कधी जावं

ऑक्टोबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत. पाऊस सरलेला असतो, ओढ्यांना अजून पाणी असतं आणि सकाळी झाडीत चांगलाच गारवा असतो. जुलै-ऑगस्टमधले फोटो पाहून निघायचा मोह होतो, पण या घाटात पाऊस धो धो कोसळतो, दरडी येतात आणि प्रशासन कधीकधी रस्ताच बंद करतं. शिवाय शनिवार-रविवारी धबधब्यांपाशी गाड्या आडव्यातिडव्या उभ्या असतात आणि त्यांची दारं अचानक उघडतात. पावसात जायचंच असेल तर मधल्या वारी जा आणि घाटाच्या माथ्यावरून परत फिरा. एप्रिल-मे मध्ये माथ्यापर्यंत ठीक. खाली घाटाच्या पायथ्याच्या विळे गावात पोचेपर्यंत दहा वाजतात आणि दमट उकाडा पायातलं बळ काढून घेतो.

सायकल

रोड बाइकला २८ मिमीचे टायर घाला. २५ चे चालतात, पण घाटातल्या खडबडीत पट्ट्यांवर हात बधिर होतात. ६५ ते ७० किलो वजनाच्या माणसाने २८ च्या टायरमध्ये पुढे ६५ आणि मागे ७० ते ७५ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) हवा भरावी. रस्ता ओला असेल तर दोन्हीकडे पाच-पाच कमी. पुढे ५०/३४ आणि मागे ११ ते ३२ दातांचे गिअर असतील तर सामानासकट चढता येतं. मागची सर्वांत मोठी चकती २८ दातांचीच असेल तर परतीचा घाट गुडघ्यांवर येतो.

ब्रेक आदल्या रात्री बघा. रिम ब्रेकच्या पॅडवरच्या खाचा झिजून सपाट झाल्या असतील तर पॅड बदला. पॅडमध्ये रुतलेले खडे सुईने काढा, नाहीतर रिम खरवडत जाते. डिस्क ब्रेक असेल तर रोटरला, म्हणजे चाकावरच्या धातूच्या चकतीला, बोट लावू नका. तेलकट बोटाचा डागही ब्रेक कमजोर करायला पुरतो.

सोबत दोन ट्यूब, टायर काढायचे लिव्हर, पंक्चर पॅच, पंप, मल्टिटूल, तुटलेली चेन जोडायची एक क्विक लिंक आणि जुन्या टायरचा बोटभर तुकडा. टायर चिरला तर तो तुकडा आतून लावून ट्यूब भरता येते. पौड सोडल्यावर सायकलचं दुकान मिळेल यावर विसंबू नका. पंक्चर झाल्यावर नवी ट्यूब बसवण्याआधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा किंवा तार शोधा. घाईत ते राहतं आणि दोन किमीवर दुसरी ट्यूबही जाते.

चांदणी चौक ते मुळशी

सकाळी साडेपाचला निघा, मागेपुढे दिवे लावून. चांदणी चौकातल्या नव्या उड्डाणपुलांवर चुकून महामार्गावर चढायला होतं, तेव्हा पौड-मुळशीचा फलक डोळ्यांसमोर ठेवा. भुगाव, भुकूम, मग पिरंगुटचा छोटा घाट. जाताना तो उतार आहे, येताना थकलेल्या पायांना चढ. पिरंगुट परिसरातले कारखाने आणि त्यांचे ट्रक जागे होण्याआधी, म्हणजे सातच्या आत, हा भाग मागे टाकायचा. लवकर निघण्याचं खरं कारण हेच.

पौडला बाटल्या भरा, पोटभर खा आणि घरी फोन करा. पुढे मोबाइलची रेंज जात-येत राहते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घ्या. पौडपुढे शेतं लागतात, मग मुळशीचं पाणी दिसू लागतं. याच धरणाविरुद्ध १९२१ मध्ये सेनापती बापटांनी सत्याग्रह उभा केला होता. पाण्याखाली माणसांची गावं आहेत, हे काठावर थांबाल तेव्हा आठवावं.

झाडी

धरणाच्या कडेने रस्ता सतत वर-खाली होतो. इथे बहुतेक जण जोर लावतात आणि माथ्यापर्यंत रिकामे होतात. बोलता बोलता दम लागणार नाही इतक्याच जोराने चालवा. दर ४० मिनिटांनी काहीतरी खा: केळं, चार खजूर किंवा चिक्कीची वडी. भूक लागल्यावर खाल्लं तर उशीर झालेला असतो. तासाला अर्धा ते पाऊण लिटर पाणी, आणि एका बाटलीत चिमूटभर मीठ व साखर.

ताम्हिणीच्या जंगलाला २०१३ मध्ये अभयारण्याचा दर्जा मिळाला. आंबा, जांभूळ, हिरडा, अंजन यांची दाटी आहे. हळू चालवलं तर शेकरू दिसतो आणि ओढ्याकाठी शीळकरी कस्तुराची लांब शीळ ऐकू येते. याच दाटीत एक धोकाही आहे. उन्हातून सावलीत शिरताना डोळ्यांना क्षणभर काही दिसत नाही आणि कवडशांमध्ये खड्डा लपतो. म्हणून काळ्या काचांचा चष्मा नको, पारदर्शक किंवा फिक्या पिवळ्या काचांचा घाला. माकडांसमोर खाऊची पिशवी उघडू नका, आणि वेष्टनं खिशात घालून परत न्या.

उतार

या वाटेवरचे अपघाताचे प्रसंग बहुतेक इथले, डोंगरवाडीच्या पुढे. विळ्यापर्यंत पाचशे मीटरहून जास्त उतरायचं आहे.

आधी पाच मिनिटं थांबा. जॅकेट घाला, कारण घामेजल्या अंगाला वारा लागून बोटं आखडतात आणि ब्रेक नीट दाबता येत नाही. हात हँडलच्या खालच्या वळणात, दोन बोटं ब्रेकवर. वेग कमी करायचा तो वळणाआधी, सरळ रस्त्यावर. वळणात शिरल्यावर पुढचा ब्रेक जोराने दाबला की टायरची पकड सुटते. बाहेरच्या बाजूचं पेडल खाली, त्यावर वजन, आणि नजर वळणाच्या शेवटाकडे. समोरच्या दरीकडे बघाल तर सायकल तिकडेच जाते.

ब्रेक सतत घासत ठेवू नका. दोन-तीन सेकंद जोरात दाबा, सोडा, पुन्हा दाबा. सतत घासल्याने रिम तापते, आतली हवा फुगते आणि ट्यूब फुटते. ती पुढच्या चाकाची असेल तर सावरणं कठीण. निम्म्यावर थांबून चाकं निवू द्या. ओल्या रस्त्यावर रिम ब्रेकचा पहिला दाब नुसतं पाणी पुसतो, खरी पकड त्यानंतर येते. म्हणून दुप्पट अंतर आधी धरा.

डावी बाजू सोडू नका. वळण कापायला मध्ये आलात आणि समोरून एसटी आली तर जागा उरत नाही. वळणाच्या आतल्या कडेला मात्र खडी साचते, तेव्हा कडेपासून हातभर आत राहा. गटात असाल तर दोघांत तीन-चार सेकंदांचं अंतर ठेवा.

विळे ते कोलाड

विळ्याला फाटा आहे: एक रस्ता निजामपूरवरून माणगावला, दुसरा सुतारवाडीवरून कोलाडला. कोलाडचा धरा. वीसेक किमी, सौम्य चढउतार, कुंडलिकेचं खोरं. कोकम सरबत मिळालं तर मीठ घालून प्या.

नदी दिसली की उतरावंसं वाटतं. कोलाडचं राफ्टिंग भिऱ्याहून सोडलेल्या पाण्यावर चालतं, त्यामुळे आभाळ निरभ्र असतानाही पातळी झपाट्याने चढते. पाय भिजवायचे तर गावकऱ्यांना वेळ विचारून, काठावर बसूनच. पात्रातल्या खडकावर सायकल टेकवून फोटो काढायला जाऊ नका.

अपघात झाला तर १०८ ला फोन करा. माथ्याच्या अलीकडे असाल तर पौडचं ग्रामीण रुग्णालय, खाली उतरला असाल तर माणगावचं उपजिल्हा रुग्णालय.

परतीसाठी सायकली मावतील अशी गाडी आधीच ठरवून ठेवा. सायकलवरूनच परतायचं असेल तर कोलाडला मुक्काम करा आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच विळ्याच्या पायथ्याशी पोचा. घाटाचा पहिला टप्पा उन्हाआधी सर्वांत हलक्या गिअरवर काढा, आणि पिरंगुटच्या चढासाठी एक केळं राखून ठेवा.