नाल्याच्या पाण्यावरची शेती: कॅडमियम आणि शिसं पिकात उतरू नये म्हणून काय कराल?

शहराच्या कडेला सांडपाण्यावर वर्षानुवर्षं भाजीपाला घेतला, की मातीत कॅडमियम, शिसं, क्रोमियम, निकेल साचत जातात. हे धातू कुजत नाहीत, उडूनही जात नाहीत. मुळांना ते मिळू न देणं एवढंच आपल्या हातात असतं. कॅडमियम तर फसवं आहे. झाडाला त्रास जाणवायच्या आधीच ते खाणाऱ्याला बाधेल इतकं पानात साठतं, म्हणून हिरव्यागार पालकावर भरवसा ठेवू नका.

पहिलं काम माती आणि पाणी तपासण्याचं. मृदा आरोग्य पत्रिकेतल्या १२ घटकांत जस्त आणि तांबं असतं, पण शिसं, कॅडमियम नसतं. प्रयोगशाळेला ते वेगळं सांगा. एकूण प्रमाण आणि पिकाला उपलब्ध होणारं, म्हणजे डीटीपीए या रसायनाने मातीतून काढून मोजलेलं, असे दोन्ही आकडे मागा. सोबत सामू (पीएच, म्हणजे माती किती आम्ल ते सांगणारा आकडा) आणि सेंद्रिय कर्बही घ्या. नमुना वरच्या २० सेंटिमीटर थराचा हवा. पाणी शेतात शिरतं तिथली माती वेगळ्या पिशवीत भरा, गाळ तिथेच जास्त बसतो. नमुना घ्यायला जस्ताचा मुलामा असलेली अवजारं वापरू नका. सिंचनाच्या पाण्यात कॅडमियम लिटरला ०.०१ मिलिग्रॅमपेक्षा जास्त नसावं, असं जागतिक अन्न व कृषी संघटनेची मार्गदर्शक तत्त्वं सांगतात. दूषित पाणी चालूच राहिलं तर पुढचे सगळे उपाय वाया जातील.

मग सामू बघा. आम्लधर्मी मातीत कॅडमियम, जस्त, निकेल सहज विरघळतात आणि मुळांत शिरतात. कोकणातल्या जांभ्या जमिनीत चुना टाकून सामू ६.५ ते ७ पर्यंत आणला, तर फरक पडतो. किती चुना लागेल ते तपासणीवरून ठरवा आणि पेरणीच्या काही आठवडे आधी तो मातीत चांगला मिसळा. हाच सल्ला ऐकून देशावरच्या काळ्या जमिनीत चुना टाकला जातो, तो मात्र टाळाच. तिथे सामू मुळातच जास्त असतो. आणखी चुन्याने लोह, जस्त, स्फुरद अडकतात आणि पानं पिवळी पडतात. जमिनीत आर्सेनिक असेल तर चुना उलटा पडू शकतो, कारण सामू वाढला की ते मोकळं होतं.

चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट धातूंना धरून ठेवतं. विषारी सहा-संयुजी क्रोमियमचं रूपांतर कमी घातक त्रि-संयुजी क्रोमियममध्ये व्हायलाही ते मदत करतं. शहरी कचऱ्याचं कंपोस्ट घेताना तपासणी अहवाल मागा. खत नियंत्रण आदेशानुसार त्यात किलोला कॅडमियम ५ आणि शिसं १०० मिलिग्रॅमच्या आत हवं. भाताच्या तुसाचा जैवकोळसा (बायोचार, कमी हवेत जाळून केलेला कोळसा) हाही उपयोगी पडतो.

खतांत एक गोष्ट सहसा कुणी सांगत नाही. क्लोराइडमुळे कॅडमियम पिकात जास्त जातं. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये ते असतं, म्हणून त्याऐवजी सल्फेट ऑफ पोटॅश घ्या. जस्ताची कमतरता असेल तर झिंक सल्फेट द्या, जस्त आणि कॅडमियम मुळाशी एकाच वाटेने शिरायला बघतात. आम्ल जमिनीत अमोनियम सल्फेटचा सतत वापर टाळा.

माझ्या मते सगळ्यात मोठा फरक पीक बदलल्याने पडतो. पालक, लेट्यूस, माठ यांच्या पानांत कॅडमियम भरपूर साठतं. भेंडी, दुधी, टोमॅटो, चवळीच्या शेंगा यांत ते त्या मानाने कमी उतरतं. गाजर-मुळा लावलाच तर साल काढून खा. शिसं बऱ्याचदा धुळीतून पानांवर बसतं, म्हणून भाजी वाहत्या स्वच्छ पाण्यात धुवा. भातखाचरात पाणी साठवलं की कॅडमियम कमी होतं, पण आर्सेनिक वाढतं. आधी कोणता धातू आहे ते कळलं पाहिजे, ते यासाठीच.

विक्रीआधी भाजीचीही तपासणी करून घ्या. पालेभाजीत कॅडमियमची कोडेक्स (आंतरराष्ट्रीय अन्न मानकं) मर्यादा किलोला ०.२ मिलिग्रॅम आहे. आकडा त्यावर गेला तर त्या वावरात खाण्याचं पीक थांबवून झेंडूसारखी फुलं घ्या. धातू शोषून घ्यायला मोहरी लावलीत, तर तिचा पाला गुरांना घालू नका आणि खतातही टाकू नका.