हँडब्रेकचा दिवा मध्येच लागतो, मध्येच जातो? या चुका टाळा

हँडब्रेक पूर्ण खाली आहे, गाडी नीट चालली आहे, आणि मीटरमध्ये लाल गोलातलं उद्गारचिन्ह एकदम पेटतं. दोन सेकंदांत विझतं. पुढच्या वळणावर पुन्हा पेटतं. अशा वेळी बहुतेक जण हँडब्रेक एकदा वर ओढून खाली दाबतात आणि दिवा गेला की विसरून जातात. गॅरेजमध्ये विचारलं तरी ‘सेन्सर गेला असेल, चालू द्या’ हेच उत्तर अनेकदा मिळतं. हे उत्तर कधी बरोबरही निघतं. पण तपासल्याशिवाय ते मान्य करणं धोक्याचं आहे.

कारण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत हा एकच दिवा दोन कामं करतो. हँडब्रेक ओढलेला असला तर तो लागतो, आणि ब्रेक ऑइलची पातळी खाली गेली तरी तोच लागतो. पहिल्या कारणाने बहुतेक वेळा मागचे लायनर, म्हणजे ब्रेकचं घासणारं अस्तर, झिजतं आणि ब्रेक तापतात. दुसऱ्या कारणाने घाट उतरताना पेडल जमिनीला टेकू शकतं. म्हणून तपासणीचा क्रम ठरलेला असावा: आधी ब्रेक ऑइल, मग हँडब्रेक. लोक बरोबर उलटं करतात.

दिवा कधी लागतो ते न बघता गाडी गॅरेजला नेणं

मध्येच लागणारा दिवा गॅरेजच्या दारात हमखास गप्प बसतो. मेकॅनिकला तो दिसत नाही आणि मग अंदाजाने भाग बदलणं सुरू होतं. त्यामुळे तो नेमका कधी लागतो हे तुम्हीच टिपून ठेवायला हवं.

वळणावर, जोरात ब्रेक मारल्यावर किंवा चढ-उतारावर लागत असेल तर संशय सरळ ब्रेक ऑइलवर घ्या. बॉनेटखाली मास्टर सिलिंडरच्या (पेडलचा दाब ऑइलला देणारा भाग) डोक्यावर जी अर्धपारदर्शक डबी असते, तिच्यात एक फ्लोट तरंगतो आणि त्याला छोटं चुंबक बसवलेलं असतं. ऑइल कमी झालं की फ्लोट खाली येतो, चुंबकामुळे आतला स्विच जुळतो आणि दिवा लागतो. पातळी अगदी काठावर असेल तर सपाट रस्त्यावर काहीच होत नाही. पण कुंभार्ली घाटातल्या एखाद्या तीव्र वळणावर ऑइल डबीच्या एका बाजूला सरतं, फ्लोट क्षणभर खाली बसतो, आणि गाडी सरळ झाली की दिवा विझतो. हा बिघाडाचा सर्वांत आधी मिळणारा इशारा आहे आणि सर्वांत जास्त दुर्लक्ष त्याच्याकडेच होतं.

खड्ड्यात आदळल्यावर लागत असेल तर हँडब्रेकखालचा स्विच किंवा सैल कप्लर (वायर जोडणारा प्लग). पावसाळी सकाळी लागून गाडी तापल्यावर जात असेल तर कुठेतरी ओल आणि गंज. लिव्हर बोटाने खाली दाबली की जात असेल तर लिव्हर शेवटपर्यंत परत येत नाहीये. आणि अंधारात गाडीखाली उंदीर फिरत असतील तर वायरी आधी बघा. पावसाळ्यात इंजिनाच्या उबेला येऊन ते वायरी कुरतडतात, हे कोकणातल्या गाडीवाल्यांना सांगायला नको.

कमी दिसलं की ऑइल ओतून मोकळं होणं

ही सर्वांत मोठी चूक आहे, म्हणून हिच्यावर जरा थांबतो.

ब्रेक ऑइल इंजिन ऑइलसारखं जळत नाही. ते बंद नळ्यांत असतं. पातळी खाली गेली याचा अर्थ दोनपैकी एक: पॅड झिजलेत किंवा कुठेतरी गळती आहे. पॅड झिजला की कॅलिपरचा (पॅड चाकाच्या डिस्कवर दाबणारा भाग) पिस्टन तेवढा बाहेर येतो आणि त्याच्यामागची जागा भरायला डबीतलं ऑइल खाली उतरतं. म्हणजे हळूहळू उतरलेली पातळी आणि लागलेला दिवा हा पुष्कळदा ‘पॅड बघा’ असा निरोप असतो. वरून ऑइल ओतलं की दिवा जातो, निरोपही जातो, आणि पॅड मात्र पत्र्यापर्यंत घासत राहतात. शिवाय नंतर नवे पॅड बसवताना पिस्टन मागे दाबला की तेच जास्तीचं ऑइल डबीतून उतू जातं. ते रंगावर सांडलं तर रंग उचलला जातो. सांडलंच तर लगेच भरपूर पाण्याने धुवा.

गळती शोधायची असेल तर चारही चाकांच्या आतल्या बाजूला टॉर्च मारा. मागच्या ड्रममधला व्हील सिलिंडर (चाकातला ब्रेक दाबणारा छोटा सिलिंडर) गळत असला की टायरच्या आतल्या भिंतीवर ओला, धूळ धरलेला काळपट पट्टा दिसतो. पावसाचं पाणी तासाभरात वाळतं, हा पट्टा वाळत नाही. मग मास्टर सिलिंडर जिथे बूस्टरला (पेडलवरच्या पायाचा जोर वाढवणारा डबा) जोडलेला असतो तो सांधा बघा. तिथलं मागचं सील गेलं की ऑइल बूस्टरच्या पोटात जातं, जमिनीवर थेंबही पडत नाही आणि पातळी मात्र उतरत राहते. ज्या गाड्यांना हायड्रॉलिक, म्हणजे ऑइलच्या दाबाने चालणारा, क्लच आहे त्यांतल्या बऱ्याच गाड्यांत क्लचलाही याच डबीतून ऑइल जातं, त्यामुळे गळती क्लचकडची असू शकते. गिअर अडत असतील तर तिकडे लक्ष द्या.

शेवटी गाडी चालू ठेवून ब्रेकवर एकसारखा पाय दाबून धरा. पेडल हळूहळू खाली जात असेल तर गाडी चालवत गॅरेजला नेऊ नका, टो करून न्या.

डबीत मिळेल ते ऑइल घालणं

झाकणावर डॉट ३ किंवा डॉट ४ अशी ब्रेक ऑइलची प्रतवारी लिहिलेली असते, तेच घालायचं. पॉवर स्टिअरिंगचं किंवा इंजिनचं ऑइल चुकून गेलं तर सगळी रबरी सीलं फुगतात आणि मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंत काम निघतं. डॉट ५ हे सिलिकॉनवर आधारलेलं वेगळं द्रव आहे, ते या दोघांत मिसळायचं नाही.

अर्धी वापरून वर्षभर कपाटात ठेवलेली बाटलीही नको. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं. नव्या डॉट ३ चा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पाणी शोषल्यावरची मर्यादा १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. लांब उतारावर ब्रेक तापले की हा फरक जीवाशी खेळतो, कारण उकळलेल्या ऑइलची वाफ होते आणि पेडल वाफच दाबत बसतं. आपल्या दमट हवेत दर दोन वर्षांनी ऑइल बदलणं ही उधळपट्टी नाही. झाकण उघडण्याआधी डबीवरची धूळ पुसा. एवढी साधी गोष्ट फार थोडे लोक करतात.

स्विचचा कप्लर काढून दिवा बंद करणं

ऑइल योग्य पातळीत आहे, गळती नाही, पॅड चांगले आहेत, पेडल कडक आहे. आता हँडब्रेककडे वळा.

लिव्हरच्या मुळाशी एक छोटा स्विच असतो. बऱ्याच गाड्यांत त्याला एकच वायर येते आणि लिव्हर वर गेली की स्विच ती वायर बॉडीला अर्थ करतो. दिवा लागण्याचं गणित एवढंच. म्हणून वायरचं कव्हर सोललं जाऊन ती पत्र्याला घासली तरी हँडब्रेक खाली असताना दिवा लुकलुकतो. लिव्हरभोवतीचं कव्हर वर करून बघा. सुटी नाणी, शेंगदाण्याची टरफलं, कधीतरी सांडलेल्या चहाचा चिकट थर, हे सगळं तिथे साठतं आणि स्विचचा दांडा अडकतो. साफ करा, स्विचची पट्टी वाकली असेल तर सरळ करा, स्क्रू आवळा.

तपासण्यासाठी गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना दगड लावून उभी करा. किल्ली चालू, हँडब्रेक खाली आणि दिवा पेटलेला असताना हा कप्लर काढा. दिवा विझला तर दोष स्विचमध्ये किंवा त्याच्या बसवणीत आहे. नाही विझला तर डबीच्या फ्लोटकडे किंवा वायरिंगकडे जायचं. जुन्या गाड्यांत फ्लोट ऑइल पिऊन जड होतो आणि पातळी भरपूर असूनही खाली बसतो.

तपासून झालं की कप्लर परत लावा. तो काढूनच ठेवला तर हँडब्रेक ओढलेला असताना गाडी चालवली तरी कळणार नाही, आणि फ्लोटचा कप्लर काढून ठेवला तर ऑइल संपलं तरी कळणार नाही.

केबल आवळून उपाय झाला असं मानणं

लिव्हर शेवटपर्यंत खाली येत नसेल तर केबल आतून गंजलेली असण्याची शक्यता मोठी. किनारपट्टीवर हे सर्रास होतं. अशा केबलला आवळलं की मागचे शू (लायनर बसवलेल्या पट्ट्या) ड्रमला कायम टेकून राहतात. फेरफटका मारून आल्यावर मागच्या एका चाकाला जळका वास येत असेल आणि तेच चाक दुसऱ्यापेक्षा तापलेलं असेल तर ब्रेक धरून राहिलाय. हात लावून बघू नका, जवळ धरला तरी धग लागते. अशी केबल बदलायचीच असते.

इलेक्ट्रॉनिक पार्किंग ब्रेक (लिव्हरऐवजी बटणाने लागणारा हँडब्रेक) असलेल्या गाडीत यातलं काहीही घरी करू नका. तिथे आधी बॅटरीचा व्होल्टेज बघावा आणि स्कॅनर लावून कोड वाचावा. पॅड बदलतानाही मोटर सर्व्हिस मोडमध्ये न्यावी लागते, पिस्टन जोराने मागे दाबला तर आतली यंत्रणा मोडते.

बाजूचे दिवे न बघणं

लाल दिव्यासोबत पिवळा एबीएसचा (जोरात ब्रेक मारल्यावर चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) दिवाही लागला असेल तर बऱ्याच गाड्यांत मागच्या-पुढच्या चाकांत ब्रेकचा जोर वाटणारी यंत्रणाही बंद पडलेली असते. जोराचा ब्रेक टाळत सावकाश गॅरेज गाठा. काही जुन्या गाड्यांत बॅटरीचा आणि ब्रेकचा दिवा जोडीने मंद पेटतो, तेव्हा दोष बहुधा अल्टरनेटरचा, म्हणजे बॅटरी चार्ज करणाऱ्या भागाचा, असतो.

घाट उतरताना दिवा लागला आणि पेडल मऊ वाटलं तर इंजिन बंद करू नका, बूस्टरची मदत जाईल. पेडल भराभर दाबून-सोडून बघा, एकेक गिअर खाली आणा, हँडब्रेक बटण दाबून धरत हळूहळू ओढा आणि डोंगराच्या बाजूला थांबा.

जुनी गाडी घेताना इंजिन चालू करण्याआधी किल्ली फिरवून हँडब्रेक ओढा. लाल दिवा लागलाच पाहिजे. लागला नाही तर बल्ब किंवा स्विच बिघडलाय, नाहीतर कुणीतरी कप्लर काढलाय, आणि मग बॉनेट उघडून त्या डबीत किती ऑइल आहे ते बघितल्याशिवाय व्यवहाराचं बोलू नका.